तीन बोटांच्या रेघा

१

बारांतल्या नऊ गाड्यांना देवी आल्या होत्या.

रंगखात्यात असंच म्हणत. रंग चढवलेली बॉडी भट्टीतून भाजून निघाली, की कधीतरी तिच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे खोलगट वण उठत. तेवढ्या ठिपक्यापुरता रंग मागे सरकलेला असे, खाली त्याला शिवायचंच नव्हतं असं काहीतरी दडलेलं असल्यासारखा. एखादा वण असला तर घासून, पुन्हा रंग मारून निभावता येई. इथे मात्र दारांवर, बॉनेटवर, डिकीवर वणांच्या ओळीच्या ओळी होत्या.

पांढऱ्या रंगात दोष लपतो. सोमवारी बाराही बॉड्या रंगून, भाजून, चादरी पांघरून ठेवल्या तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. मंगळवारी सकाळी चादरी निघाल्या, लांब दिव्यांच्या बोगद्यात पहिली बॉडी सरकली, आणि बघणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

साध्या गाड्या असत्या तर एवढं नव्हतं. ह्या होत्या बॅटरीवर चालणाऱ्या नव्या गाडीच्या पहिल्या बारा. शुक्रवारी मोठ्या कंपनीचे पाहुणे त्या बघायला येणार होते, आणि बघून ठरवणार होते, की नवी गाडी ह्या कारखान्यात जन्माला घालायची की समुद्रापलीकडच्या. जुन्या गाडीची लाइन पंधरा दिवसांपासून बंद होती. नवी मिळाली नाही, तर फाटकाला कुलूप लागणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

दिव्यांखाली चार माणसं उभी होती. कारखान्याचे साहेब, ज्यांना आल्यापासून सगळे माघारी कात्रीसाहेब म्हणत. रोबोट बसवायला आलेली तरुण इंजिनीअर. तिला सगळे रोबोटवाली म्हणत आणि तीही ओ देई. बारा बॉड्या ज्याने स्वतःच्या हाताने रंगवल्या तो म्हातारा पेंटर. आणि मावशी.

मावशी म्हणजे रंगखात्याचा हात. रंगाखालचा प्रायमर चढून घासून झालेल्या बॉडीवर ती पांढरे सुती हातमोजे घालून तळवा फिरवी आणि डोळ्यांना न दिसणारा उंचवटा, खळगा बोटांनी शोधून काढी. तीस वर्षांत तिच्या हाताखालून किती बॉड्या गेल्या ह्याची मोजदाद नव्हती. पेंटरची मुलगी तिची सून. म्हणजे खात्यात दोघं शेजारी, आणि घरी व्याही-विहीण.

"बोला," कात्रीसाहेब पेंटरला म्हणाले. "बारा तुम्हीच मारल्यात ना?"

"हो."

"दुसऱ्या कुणी रंगाची गन हातात धरली?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

पेंटर एका दारापाशी गेला. वाकला. त्या वणांकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा घासलेल्या पत्र्यासारखा कोरा होता.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला.

"गेल्या महिन्यात रोबोट आला तेव्हा तुम्ही ह्याच खात्यात सगळ्यांसमोर म्हणाला होतात, 'नवी गाडी माझ्या हाताशिवाय कशी निघते तेच बघतो.' म्हणाला होतात का नाही?"

"म्हणालो होतो."

कात्रीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. "हे बघा. पाहुण्यांना कारण सांगावं लागेल. माणसाने खोडी केली, माणूस काढला, असं सांगता येतं. कारणच सापडलं नाही, तर कारखाना खराब ठरतो. गुरुवारी दुपारी चारपर्यंत दुसरं काही सापडलं नाही, तर ह्यांना काढल्याचं पत्र निघेल. घातपात म्हणून. मग निवृत्तीचं काही हातात पडायचं नाही."

मावशीने तोंड उघडलं. "साहेब, मी बघते."

"बघा. तुमच्या हाताचं नाव आहे."

साहेब गेले. रोबोटवाली त्यांच्या मागोमाग गेली. मावशी पेंटरजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "काळजी करू नका. मी शोधून काढते कुणी केलं ते."

पेंटरने तिच्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते त्याचे डोळे पाणावले होते.

"विहीणबाई," तो म्हणाला, "माझं ऐका. शोधू नका."

२

मावशी खात्यात आली तेव्हा तासाला एक बॉडी निघत असे. लोक पैसे भरून वर्षानुवर्षं गाडीची वाट बघत, आणि गाडी आली की गल्ली गोळा होई. मग तासाला सहा निघू लागल्या, मग दर दोन मिनिटांना एक. कारखान्याभोवती घरं उठली, घरांभोवती दुकानं, आणि बघता बघता रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मावशीला त्या गर्दीत आपल्या लेकी दिसत. ही आपण पास केलेली, हीही, तीही. सासरी नांदणाऱ्या, कुठे कोपरा चेपलेल्या, कुठे रंग उडालेल्या.

बॉडीवर हात फिरवताना ताल राहावा म्हणून ती मनात दोन ओळी घोळवी. तिनेच कधीतरी जुळवल्या होत्या.

*पांढरी माझी लेक, न्हाऊन उभी दारी,*
*हात फिरविते, कुठं दुखलं सांग तरी.*

आता नव्या गाडीच्या पोटात इंजिन नव्हतं. इंजिनखात्यातली दोनशे माणसं त्यामुळे रिकामी झाली होती. त्यांत मावशीचा मुलगा एक. तो दोन महिन्यांपासून परगावी काम धुंडाळत होता. कात्रीसाहेबांनी तर रोज काहीतरी कापायचा सपाटाच लावला होता. आधी कामगारांची बस गेली, मग बागेचा माळी, मग संध्याकाळचा चहा, आणि पहिल्या तारखेपासून कपडे धुण्याचा विभागही. फाटकातून आत जाताना मावशीला वाटे, की आजारी माणसाच्या अंगावरचं एकेक पांघरूण कुणीतरी काढून नेतंय.

मंगळवारी ती घरी आली तेव्हा सून दारातच उभी होती. फोनवरून तिला कळलं होतं.

"आई, बाबांनी असं केलं असेल?"

"खुळी आहेस का तू? ज्या माणसाने गाडीवर माशी बसली तर शिफ्ट थांबवली, तो मुद्दाम देवी आणील?"

"मग ते बोलत का नाहीत? मी विचारलं तर म्हणाले, तू तुझ्या सासूची काळजी घे. हे काय उत्तर झालं?"

 मावशी हात धुवायला गेली. सून टॉवेल घेऊन मागे आली आणि तिने सासूचा डावा हात आपल्या हातात घेतला. करंगळीशेजारचं बोट उभं फाटलं होतं. पट्टी रक्ताने ताठ झाली होती.

"कालपासून हीच पट्टी? दवाखान्यात मलम नाही दिलं?"

"देत होता डॉक्टर. मीच नको म्हटलं. रंगखात्यात मलम, तेल, क्रीम काही चालत नाही, माहितेय ना तुला? डोक्याला तेलाचं बोट लावून गेलं तरी फाटकावरून परत पाठवतात."

"तीस वर्षं हाताला काही लावलं नाही तुम्ही. तळवा बघा, वाळल्या मातीसारखा झालाय."

"तळवा तसाच लागतो बाई. मऊ तळव्याला काही कळत नाही."

 सून मान खाली घालून म्हणाली, "आई, बाबांना सोडवाल ना?"

मावशीने हो म्हटलं. पण रात्रभर तिच्या कानात एकच वाक्य वाजत राहिलं. शोधू नका. जो माणूस निर्दोष आहे, तो असं का म्हणेल?

३

बुधवारी सकाळी ती आधी हवालदाराकडे गेली. हवालदार म्हणजे कंप्रेसरवर बसणारा जाडा फिटर. सगळ्या कारखान्याची हवा तो सांभाळतो म्हणून हवालदार. रंगाच्या गनला दाबाची हवा त्याच्याकडून येई.

"आलात? मला वाटलंच," तो म्हणाला. "देवी आल्या की पहिला दोष हवेला. हवेत तेल गेलं, म्हणे."

"गेलं नाही?"

 त्याने नळी उचलली, पांढऱ्या कागदावर हवा सोडली आणि कागद तिच्या नाकासमोर धरला. कागद बगळ्यासारखा पांढरा राहिला.

"आणि मावशी, एक सांगा. हवेत तेल असतं, तर ते गनमधून सगळीकडे उडालं असतं. छपराला काय सुटी होती?"

"म्हणजे?"

"अहो, तुम्ही बॉड्या बघितल्यात ना? नऊच्या नऊ. एकाही छपरावर वण नाही."

मावशीने पाहिल्या होत्या, पण तिची नजर दारांवरच खिळून राहिली होती. छप्पर तिच्या उंचीच्या वर. छपराचं तिला कधीच काही माहीत नसे. ते उंच चौथऱ्यावर उभा राहणारा एक तपासनीस बघे.

रोबोटवाली काचेच्या खोलीत होती. समोर पडद्यावर रेषांचा गुंता फिरत होता.

"हे काय आहे?" मावशीने विचारलं.

"पेंटरकाकांचा हात," ती म्हणाली. "रोबोट यायच्या आधीपासून, तीन महिने मी त्यांच्या मनगटाला पट्टे बांधून हालचाल टिपतेय. गन कुठे वळवतात, कुठे अर्धा क्षण थांबतात. रोबोटला तेच शिकवायचंय."

"म्हणजे त्यांचाच हात काढून घेऊन त्यांना घरी पाठवणार."

मुलीचा चेहरा पडला. "तसंच आहे ते. पण मावशी, अजून अर्धाच हात टिपून झालाय. मला ते आणखी चार महिने हवेत. उद्या ते गेले तर माझा रोबोट अर्धवट राहील. ते जावेत असं ह्या कारखान्यात सगळ्यात कमी कुणाला वाटत असेल, तर मला."

हे खरं होतं. मावशी उठली.

"रंगाचं काय? डब्यात काही मिसळलं असेल?"

"मीही तेच धरून बसले होते. पण बाराही बॉड्यांना एकाच पिंपातला रंग. सहा, सात आणि आठ नंबर स्वच्छ आहेत. पाचव्याला देवी, मग तीन स्वच्छ, मग नवव्याला पुन्हा देवी. पिंपात घाण असती तर मध्येच तीन गाड्यांपुरती सुटी घेऊन गेली असती का?"

आता उरली चष्मेवाली. मावशीच्या शेजारच्या बाकावरची तपासनीस, वयाने लहान, जिभेने तिखट.

"व्याह्याला सोडवायला फिरताय म्हणे," ती म्हणाली. "आमच्यापैकी कुणी अडकलं असतं तर एवढं फिरला असतात का?"

"तुझ्यासाठी तर पळाले असते. तुझ्या तोंडाशिवाय कारखाना ओस पडला असता ना."

चष्मेवाली हसली, मग हसू आवरलं. "काय विचारायचंय?"

"सोमवारी बॉड्यांना रंगाआधी कोण कोण शिवलं?"

"कोण शिवणार? पुसणारा चिकट फडक्याने धूळ पुसतो, छपरापासून चाकापर्यंत. मग आपला हात. मग थेट रंगाच्या खोलीत. तुम्हाला मी सांगायचं?" ती थांबली. "हो, एक. सोमवारी तुमच्या बाकाशी कसला गोड वास येत होता हो? फुलांसारखा. मला वाटलं साहेब सेंट मारून आले की काय."

"मला कुठला वास! थिनर हुंगून हुंगून माझ्या नाकाने केव्हाच राजीनामा दिलाय."

"आणि तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा तो वासही गेला. गंमतच."

मावशी दोन पावलं चालली आणि थांबली. वळली.

"मी दवाखान्यात होते, तेव्हा माझ्या बॉड्या कुणी तपासल्या?"

"मीच. दुसरं कोण? तीन झाल्या तेवढ्या वेळात."

"कुठल्या तीन?"

चष्मेवालीने कपाळाला आठ्या घातल्या. "सहा, सात, आठ."

४

दिव्यांच्या बोगद्यात दुपारी कुणी नव्हतं. मावशीने पाचवी बॉडी समोर घेतली.

वण आता तिला वेगळे दिसत होते. ते विखुरलेले नव्हते. दाराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरत आलेल्या रेघा होत्या त्या. चार रेघा, शेजारी शेजारी, ओल्या अंगणात कुणी खराटा ओढावा तशा. मध्ये थोडी जागा. मग पुन्हा चार.

तिने डावा हात उचलला.  खात्यातल्या सगळ्या तपासनीस उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे येत. डावखुरी ती एकटी. तिने बोटं त्या रेघांच्या सुरुवातीवर टेकवली, आणि हात आपोआप खाली उतरत गेला. प्रत्येक बोटाखाली एक रेघ. हाताला माप घेऊन शिवलेली बाही बसावी तशी.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला गाड्यांशिवाय कुणी नव्हतं.

ती बाराव्या बॉडीकडे गेली. तिच्या दारावर चार रेघा नव्हत्या. तीन होत्या. दोन जवळ जवळ, मग एका बोटाची कोरी जागा, मग एक. नवव्यावर, दहाव्यावर, अकराव्यावर तसंच.

मावशीने पट्टी बांधलेलं बोट डोळ्यांसमोर धरलं. दवाखान्यातून आल्यावर दुखतं म्हणून ते बोट तिने दिवसभर उचलून धरलं होतं.

ती खाली बसली. तीस वर्षं ती दुसऱ्यांचे दोष बोटांनी शोधत आली होती. हा तिचा होता. पण बोटांना तर काहीच लावलेलं नव्हतं! तेल नाही, मलम नाही. मग ह्या बोटांतून उतरलं काय?

तिने खिशातून सोमवारचे हातमोजे काढले. पांढरे, स्वच्छ, आणि मऊ. केवढे मऊ. सोमवारी घातले तेव्हाही फाटलेल्या बोटाला तेवढंच बरं वाटलं होतं, आणि ते का मऊ आहेत हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. कारखान्यातून धुऊन येणारे मोजे पोत्यासारखे राठ असत. पण पहिल्या तारखेपासून धुणं बंद झालं होतं, आणि कात्रीसाहेबांनी पाटी लावली होती: *हातमोजे आपापल्या घरी धुवावेत.*

घरी ते कोण धुतं, हे तिला माहीत होतं.

५

मोरीजवळच्या फळीवर साबणाच्या वडीमागे एक निळी बाटली होती. मावशीने ती सुनेची पाठ वळल्यावर उचलली. बाटलीवर फुलं काढलेली होती आणि लिहिलं होतं, की शेवटच्या पाण्यात एक झाकण टाका, कपडे लोण्यासारखे मऊ होतील.

गुरुवारी सकाळी तिने ती रोबोटवालीसमोर ठेवली.

"ह्यात सिलिकॉन असतं का? तेलासारखाच रंगाचा वैरी, तो?"

मुलीने बाटली फिरवून बघितली. "असू शकतं. कपडा मऊ करणाऱ्या औषधांत घालतात कधीकधी. पण हे..." तिने मावशीच्या हातातले मोजे पाहिले आणि वाक्य तोंडातच राहिलं.

दोघींनी प्रायमर लावलेला भंगारातला एक पत्रा घेतला. मधोमध रेघ ओढली. डाव्या अर्ध्यावर मावशीने आपले मोजे घालून तीन बोटं फिरवली. उजव्या अर्ध्यावर चष्मेवालीकडून मागून आणलेले, साध्या साबणाने धुतलेले मोजे घालून. रोबोटवालीने त्याच पिंपातला रंग मारला. पत्रा भट्टीत गेला. चाळीस मिनिटं दोघी भट्टीच्या दाराशी उभ्या होत्या.

पत्रा बाहेर आला. उजवी बाजू दुधासारखी होती. डावीकडे देवींच्या तीन रेघा.

"मावशी," मुलगी हळूच म्हणाली, "हा पत्रा मी फेकून देऊ शकते. कुणाला कळणार नाही."

मावशी पत्रा घेऊन बाहेर पडली. पेंटर लॉकरांच्या खोलीत बाकावर बसला होता. त्याने आपलं सामान एका पिशवीत भरून ठेवलं होतं. चार वाजण्याची वाटही न बघता.

तिने पत्रा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने नुसता पाहिला आणि मान हलवली.

"तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं," ती म्हणाली.

"तीस वर्षं तुम्ही हात फिरवलेल्या बॉडीवर मी रंग मारतोय. तुमचा हात मला कळणार नाही? डावीकडून येतो, कोपऱ्यात जरा रेंगाळतो." त्याने बोटाने हवेत तशी रेघ काढली. "मला वाटलं, बोटाला मलम लावलं असेल. दुखणं असह्य झालं असेल. माणूसच आहे."

"आणि म्हणून घातपाताचा डाग घेऊन घरी निघालात?"

"मी तसाही चार महिन्यांत जाणार. तुमची अजून सहा वर्षं आहेत. घरात माझी लेक आहे, जावई बेकार आहे. हिशेब सोपा होता."

"मलम नव्हतं," मावशी म्हणाली. तिला पुढचं सांगायचं नव्हतं. पण तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. "मोजे धुताना कुणीतरी पाण्यात औषध टाकलं. माझ्या हातांना मऊ लागावं म्हणून."

पेंटरला समजायला क्षणभर लागला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तिला सांगू नका," तो हातांआडून म्हणाला. "विहीणबाई, बाकी काही करा. तिला सांगू नका."

६

चारला पाच मिनिटं कमी असताना मावशी कात्रीसाहेबांच्या खोलीत शिरली. पेंटर, रोबोटवाली, हवालदार आणि चष्मेवालीलाही तिने बरोबर घेतलं होतं. टेबलावर पत्र छापून तयार होतं.

"सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"सापडलं. हवेत तेल नव्हतं, नाहीतर छपरांवरही देवी आल्या असत्या. पुसणाऱ्याच्या फडक्यात काही नव्हतं, तेही छपरावरून फिरतं. रंग नासका नव्हता, नाहीतर सहा, सात, आठ वाचल्या नसत्या. आणि ह्यांनी काही केलं असतं, तर छप्पर आणि त्या तीन गाड्या ह्यांनी कशाला सोडल्या असत्या? दोष रंगाच्या आधीचा आहे. छपराला न पोचणारा, डावखुरा, आणि सहा-सात-आठच्या वेळी जागेवर नसलेला माणूस शोधायचा." तिने डावा हात टेबलावर ठेवला. "हा."

 तिने पत्रा ठेवला, मोजे ठेवले, बाटली ठेवली, आणि पहिल्या चार रेघांचं, मागच्या तीन रेघांचं, पट्टीच्या बोटाचं सगळं सांगितलं.

"हे मोजे कुणी धुतले?" साहेबांनी विचारलं.

पेंटरने खाली बघितलं.

"मीच," मावशी म्हणाली. "आजवर कारखाना धूत होता. पहिल्या तारखेपासून घरी धुवा म्हणालात, धुतले. काय घालावं आणि काय घालू नये हे पाटीवर लिहिलं नव्हतं."

कात्रीसाहेब पाटीबद्दल काही बोलले नाहीत. ते बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत होते, आणि मावशीच्या लक्षात आलं, की ते हताश नाहीत. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतंय.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "यंत्रं ठीक. रंग ठीक. दोष फक्त हाताने तपासण्यात."

"धुण्यात, साहेब. धुणं पुन्हा सुरू करा, उद्या..."

"कॅमेऱ्याला मोजे लागत नाहीत, मावशी." त्यांनी छापलेलं पत्र उचललं, नीट दोन तुकडे केले आणि पेंटरकडे पाहिलं. "तुम्ही चार महिने आहात, रोबोट शिकेपर्यंत. पाहुण्यांना मी हा पत्रा दाखवतो. कारणही दाखवतो आणि उपायही. तपासणीचे कॅमेरे सहा महिन्यांनी यायचे होते. ते आता पहिल्या गाडीपासूनच लावू. बघा, गाडी इथेच येईल."

"आणि हाताच्या बाकांचं?" चष्मेवालीने विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला.

बाहेर जिन्यात चष्मेवाली मावशीच्या समोर उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, पण जीभ तशीच होती. "आमच्या सहा जणींची बाकं गेली. एका शब्दाने. गप्प बसला असतात तर?"

"तर हा माणूस चोरासारखा गेला असता."

चष्मेवालीने पेंटरकडे पाहिलं, पुन्हा मावशीकडे.  मग तिने आपले साध्या साबणाने धुतलेले मोजे काढून मावशीच्या हातावर ठेवले आणि जिना उतरून गेली.

७

शुक्रवारी पाहुणे आले, आणि संध्याकाळी भोंगा तीनदा वाजला. गाडी मिळाली होती. रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यांच्यातून वाट काढत मावशी आणि पेंटर घरापर्यंत आले. 

सून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. "सुटलात! बाबा, सुटलात! आई, तुम्ही म्हणाला होता ना!" मग मागे होऊन तिने विचारलं, "पण मग केलं कुणी?"

पेंटरने विहिणीकडे पाहिलं.

"यंत्राचं काहीतरी होतं," तो म्हणाला. "त्या रोबोटवालीला सापडलं."

"मेलं ते यंत्र! आणि तुमचं नाव घेत होते." तिने डोळे पुसले आणि लगबगीने सासूपुढे हात केला. "आई, मोजे द्या. आठवड्याचे साचले असतील, भिजत घालते."

"आता नकोत मोजे," मावशी म्हणाली. "माझं ते काम संपलं. कॅमेरा आलाय."

 सुनेने सासूला खुर्चीवर बसवलं, आत गेली आणि एक डबी घेऊन आली. "मग आता तरी लावू द्या. आता कुणी फाटकावर अडवणार नाही."

मावशीने हात पुढे केले. सुनेने बोट भरून मलम तळव्यावर ठेवलं आणि चोळू लागली. एकेक बोट, एकेक पेर, फाटलेल्या बोटाजवळ जपून. पेंटर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत आनंद करत होतं.

"बरं वाटतंय का?" सुनेने विचारलं.

"बरं वाटतंय."

सवयीने मावशीचा डावा हात शेजारच्या टेबलाकडे गेला. त्या टेबलाच्या कडेला एक खळगा होता. मुलाने लहानपणी हातोडी मारून पाडलेला. घरी आल्यावर रोज तिची बोटं त्यावरून जात आणि तिथे थांबत. आज हात डावीकडून उजवीकडे घसरत गेला, कडेपर्यंत पोचला, आणि तिला काहीच लागलं नाही.

ती हात मागे नेऊन पुन्हा फिरवू लागली.